रोपाला स्वतःची नोंद लिहायला लावणारे शास्त्रज्ञ : सर जगदीशचंद्र बोस आणि त्यांची मोजमापाची यंत्रे



सर जगदीशचंद्र बोस हे नाव घेतले की शाळेत पाठ केलेले उत्तर लगेच आठवते. वनस्पतींना जीव असतो, हे त्यांनी सिद्ध केले. परीक्षेत या उत्तराला गुण मिळत. पण ते बरोबर नाही. पेरलेले बी उगवते, पाणी तुटले की रोप सुकते आणि कीड लागली की मरते. रोपाला जीव आहे हे तुमच्या आजोबा-पणजोबांना कोणी शिकवावे लागले नव्हते. त्या काळच्या वनस्पतीशास्त्रज्ञांनाही त्याबद्दल शंका नव्हती.

मग बोस यांनी केले काय? त्यांनी मोजले. रोपाला पाणी दिले, ऊन लागले, थंडी बसली, विष मिळाले, तर त्याच्यात काय बदल होतो, किती होतो आणि किती वेळात होतो, हे रोपाच्याच हालचालीतून काचेवर उमटेल अशी यंत्रे त्यांनी बनवली.

याचा तुमच्याशी थेट संबंध आहे. पाणी कधी द्यायचे हे आपण बहुतेक वेळा पान पाहून ठरवतो. पण पाण्याचा ताण बसू लागला की सर्वांत आधी पेशींची वाढ मंदावते, आणि पान मलूल दिसते ते त्यानंतर. म्हणजे डोळ्यांना कळेपर्यंत पिकाचे थोडे नुकसान होऊन गेलेले असते. हा मधला काळ डोळ्यांना दिसत नाही. तो दिसावा म्हणून बोस यांनी जवळजवळ अर्धे आयुष्य खर्च केले. त्यांचे जीवन आणि त्यांची यंत्रे आज समजून घेऊ.

फरीदपूरचे बालपण

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग येथे झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते आणि त्यांच्या नोकरीमुळे लहानपणीची काही वर्षे फरीदपूरला गेली. त्या काळी सरकारी अधिकाऱ्यांची मुले इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. तिथे एका बाजूला वडिलांच्या शिपायाचा मुलगा बसे, दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. नदीतले मासे, पाखरे, पाणवनस्पती यांच्या गोष्टी या सोबत्यांकडून ऐकतच निसर्गाची गोडी लागली, असे बोस पुढे सांगत.

पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफोँ यांच्याकडे ते पदार्थविज्ञान शिकले. फादर लाफोँ फळ्यावर सूत्र लिहून थांबत नसत, प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवत. १८८० मध्ये बोस डॉक्टर होण्यासाठी इंग्लंडला गेले. पण सततच्या तापामुळे वैद्यकीय शिक्षण सोडावे लागले. मग त्यांनी केंब्रिजमध्ये विज्ञान घेतले. तिथे लॉर्ड रॅले यांच्याकडे पदार्थविज्ञान आणि त्याच काळात वनस्पतीशास्त्रही शिकायला मिळाले. ही जोडी पुढे कामाला आली, कारण यंत्र बनवणारा आणि रोप ओळखणारा माणूस एकच होता.

तीन वर्षे बिनपगारी

१८८५ मध्ये बोस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. तेव्हा त्याच पदावरच्या युरोपीय माणसाला जेवढा पगार मिळे, त्याच्या दोन तृतीयांशच भारतीयाला मिळे. नेमणूक हंगामी असल्याने बोस यांना त्याच्याही निम्मे, म्हणजे एक तृतीयांश, मिळणार होते. त्यांनी काम नाकारले नाही, पगार नाकारला. तीन वर्षे त्यांनी एक पैसाही न घेता शिकवले. घरची स्थिती चांगली नव्हती आणि वडिलांवर कर्ज होते. १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी विवाह झाला, तो याच ओढाताणीच्या काळात. अखेर कॉलेजचे प्राचार्य आणि शिक्षण खात्याचे संचालक यांनी त्यांची योग्यता मान्य केली. नेमणूक कायम झाली आणि मागील तीन वर्षांचा पूर्ण पगार एकरकमी मिळाला. तो वडिलांचे कर्ज फेडण्यात गेला.

कॉलेजात संशोधनासाठी प्रयोगशाळा नव्हती. १८९४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, एका लहानशा खोलीत बोस यांनी काम सुरू केले. मदतीला होता एक पत्र्याची कामे करणारा कारागीर. यंत्राचा आराखडा बोस काढत आणि हा कारागीर ते घडवत असे. विलायतेहून यंत्र मागवायचे तर पैसा नव्हता, आणि हवे तसे यंत्र तिथेही मिळणार नव्हते. गरज आपली असेल तर यंत्रही आपल्या हाताने करायचे, ही सवय इथे लागली आणि शेवटपर्यंत राहिली.

रेडिओ लहरींकडून रोपाकडे

सुरुवातीचे काम वनस्पतींवर नव्हते. ते विद्युत लहरींवर होते, म्हणजे ज्यांच्यावर पुढे रेडिओ आणि आजचा मोबाइल चालला त्या लहरींवर. बोस यांनी अवघ्या काही मि.मी. लांबीच्या लहरी निर्माण केल्या आणि त्या ओळखणारी यंत्रेही बनवली. कलकत्त्याच्या टाउन हॉलमधल्या प्रयोगात या अदृश्य लहरी भिंतींतून पार गेल्या आणि पलीकडच्या खोलीतली घंटा वाजली. १८९७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी ही यंत्रे दाखवली.

या लहरी पकडणाऱ्या यंत्राने त्यांना वेगळ्याच वाटेवर नेले. सतत वापरले की ते मंद होई, थोडी विश्रांती दिली की पुन्हा तल्लख होई. धातूचे यंत्र थकल्यासारखे का वागते? स्नायू थकतो, तसेच हे आहे का? आणि स्नायू व धातू यांच्या मध्ये असलेली वनस्पती कशी वागेल? १८९९ च्या सुमारास या प्रश्नांनी बोस यांना रोपांकडे वळवले. बागेतली पाने, भाज्या, देठ घेऊन ते चिमटा, उष्णता, औषध यांचा परिणाम विद्युत प्रवाहात मोजू लागले.

१९०१ मध्ये हे काम त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. तिथे त्या काळचे मोठे शरीरक्रियाशास्त्रज्ञ बर्डन-सँडरसन यांनी आक्षेप घेतला. लाजाळूसारख्या हलणाऱ्या वनस्पती सोडल्या तर सामान्य वनस्पती असा विद्युत प्रतिसाद देत नाहीत, असे त्यांचे मत होते. निबंधाचे शीर्षक सौम्य करण्याची सूचनाही झाली. बोस यांनी ती मानली नाही आणि निबंध छापला गेला नाही. पुढच्या वर्षी लिनियन सोसायटीने त्यांना व्यासपीठ दिले.

या प्रसंगाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. वाद घालून कोणी मानणार नव्हते. मग पुरावा रोपानेच द्यायचा, माणसाचा हात मध्ये न येता. पुढची वीस वर्षे त्यांनी असा पुरावा लिहून घेणारी यंत्रे घडवण्यात घालवली.

लाजाळूच्या देठाला लेखणी

पहिली अडचण घर्षणाची होती. लाजाळूच्या देठाला बारीक धागा बांधला, धाग्याला हलकी लेखणी जोडली आणि ती काजळी धरलेल्या काचेवर टेकवली, तर पान मिटताना काचेवर रेघ उमटेल. ऐकायला सोपे आहे. पण पानाची ताकद ती केवढी! लेखणी काचेवर घासली जाते आणि तेवढ्या घासण्यानेच पान अडते. मग काचेवर उमटते ती हालचाल खरी राहत नाही. यंत्रच रोपाला धरून ठेवते.

बोस यांनी यावर काढलेला उपाय फार हुशारीचा आहे. लेखणी काचेला सतत टेकलेली ठेवायचीच नाही. ती विजेच्या साहाय्याने ठरावीक वेगाने थरथरत ठेवायची. मग ती काचेला क्षणभर शिवते आणि मागे येते. रेघेऐवजी ठिपक्यांची ओळ उमटते आणि घर्षण जवळजवळ उरत नाही. दुसरा फायदाही आपोआप झाला. लेखणी सेकंदाला १०० वेळा थरथरत असेल, तर दोन ठिपक्यांमधले अंतर म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. वेगळे घड्याळ नको, ठिपके मोजले की वेळ कळते.

या यंत्राने लाजाळूचा स्वभाव आकड्यांत आला. स्पर्श झाल्यापासून पान हलेपर्यंत जाणारा काळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास निघाला. देठातून संदेश जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३० मि.मी. पर्यंत आढळला. थंडीत हा वेग घटतो आणि गुंगीच्या औषधाने संदेश थांबतो, हेही काचेवर उमटले. दुसऱ्या एका प्रयोगात रोपाचे तापमान हळूहळू वाढवत नेले. सुमारे ६० अंश सेल्सिअसला नोंदीची रेघ अचानक उलटी फिरली. हा त्या रोपाच्या मृत्यूचा क्षण होता. थकलेल्या किंवा विषाने अशक्त झालेल्या रोपात हाच क्षण कमी तापमानाला आला. आधीच ताणात असलेले पीक उष्णतेच्या लाटेत आधी का जाते, ते यावरून लक्षात येईल.

१९१४ मध्ये बोस ही यंत्रे आणि जिवंत रोपे घेऊन पुन्हा परदेशी गेले आणि त्यांनी जाणकारांसमोर हे प्रयोग करून दाखवले.

क्रेस्कोग्राफ : वाढ मोजणारे यंत्र

लाजाळूचे पान निदान डोळ्यांना हलताना दिसते. पिकाची वाढ मात्र दिसतच नाही. शेंडा तासाला १ मि.मी. वाढत असेल, तर सेकंदाला तो मि.मी.च्या ३,६०० व्या भागाएवढाच सरकतो. पट्टी लावून मोजायचे म्हटले तर तासन् तास थांबावे लागते, आणि तेवढ्या वेळात ऊन, वारा, ओलावा सगळे बदलते. मग वाढ कशामुळे बदलली हे सांगणार कसे?

म्हणून वाढ मोठी करून दाखवणारे यंत्र हवे होते. ते म्हणजे क्रेस्कोग्राफ. त्याचे तत्त्व तुमच्या ओळखीचे आहे. पहारीने धोंडा उचलताना टेकूच्या अलीकडचा लांब भाग बराच खाली जातो, तेव्हा पलीकडचे टोक थोडेसे वर येते. बोस यांनी हेच उलट वापरले. रोपाचा शेंडा तरफेच्या आखूड टोकाला जोडला, म्हणजे शेंड्याच्या सूक्ष्म हालचालीने लांब टोक जास्त हलते. ते लांब टोक पुन्हा दुसऱ्या तरफेच्या आखूड टोकाला जोडले. पहिल्या तरफेने शंभर पट आणि दुसरीने शंभर पट केली, तर एकूण दहा हजार पट होते. तासाला १ मि.मी. वाढणारा शेंडा अशा यंत्रात सेकंदाला पावणेतीन मि.मी. सरकताना दिसतो. म्हणजे बसल्या जागी, डोळ्यांदेखत!

तरफा अत्यंत हलक्या हव्यात, नाहीतर त्यांच्या वजनाने रोपच ओढले जाईल. टेकूपाशी घर्षण नको. कोणी जवळून चालले तर धक्का बसायला नको. इथेही काजळीची काच ठरावीक काळाने पुढे येऊन लेखणीला शिवे आणि मागे जाई, त्यामुळे ठिपके उमटत. पुढे बोस यांनी तरफेला चुंबक आणि आरसा यांची जोड देऊन चुंबकी क्रेस्कोग्राफ बनवला. त्यात आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर सरके आणि वाढ एक कोटी पटीपर्यंत मोठी दिसे. या हिशेबाने तासाला १ मि.मी. वाढणारे रोप ठिपक्याला तासाला १० किलोमीटरच्या वेगाने पळवेल.

आणखी एक प्रकार तराजूसारखा होता. रोप ज्या वेगाने वर वाढते, त्याच वेगाने यंत्र त्याला खाली आणते. दोन्ही सारखे असले की नोंद सरळ आडवी रेघ राहते. आता रोपाला एखादे द्रव्य द्या. वाढ वेगावली तर रेघ एका बाजूला वळते, मंदावली तर दुसऱ्या बाजूला. परिणाम काही मिनिटांत कळतो.

या यंत्रांवर बोस यांना काय दिसले? पाण्याच्या तुटवड्याने मंदावलेली वाढ पाणी दिल्यावर पुन्हा वेग घेते. तापमान बदलले की वाढीचा वेग लगेच बदलतो. एखादे द्रव्य अगदी थोड्या प्रमाणात वाढीला चालना देते, आणि तेच प्रमाण वाढवले की वाढ खुंटते. फवारणीचे औषध किंवा संजीवक शिफारशीपेक्षा जास्त घेतल्यावर फायदा उलटतो, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांनी घेतला असेल.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. पंधरा मिनिटांत वाढ वेगावली म्हणजे हंगामाअखेर उत्पन्न वाढलेच, असे होत नाही. उत्पन्नासाठी शेतात प्रयोग करून वजनच करावे लागते. क्रेस्कोग्राफ त्या क्षणी रोपात काय चालले आहे तेवढेच सांगतो.

नमस्कार करणारे झाड

बोस यांचे बालपण जिथे गेले, त्या फरीदपूरजवळ खजुरीचे एक कललेले झाड होते. संध्याकाळी देवळात घंटा वाजू लागल्या की ते माथा टेकवल्यासारखे खाली झुके आणि सकाळी पुन्हा उभे होई. लोक त्याला नवस बोलत. त्याच्यामुळे आजार बरे झाल्याचे सांगत.

बोस यांना या झाडाला नोंद घेणारे यंत्र लावायचे होते. मालकाची तयारी नव्हती, कारण पवित्र झाडाला परदेशी वस्तू कशी लावू द्यायची? यंत्र दिसायला परदेशी असले तरी ते आपल्याच प्रयोगशाळेत बनले आहे आणि ते लावणारा मदतनीस पुरोहिताचा मुलगा आहे, असे सांगितल्यावर परवानगी मिळाली.

यंत्राने रात्रंदिवस नोंद घेतली, शेजारी तापमानाचीही नोंद ठेवली. दोन्ही रेघा एकमेकींसमोर ठेवल्यावर उत्तर मिळाले. झाड घंटेच्या वेळी एकदम झुकत नव्हते. ते दिवसभर सावकाश हलतच होते. तापमान चढू लागले की माथा खाली येऊ लागे आणि ऊन कमाल झाल्यावर थोड्या वेळाने सर्वांत खाली पोहोचे. रात्री गारवा वाढत जाई तसा तो वर चढे आणि सकाळच्या थंडीत सर्वांत वर असे. ही हालचाल इतर झाडांतही असते, हे बोस यांनी पुढे दाखवले. फरीदपूरच्या झाडात ती एवढी मोठी होती की डोळ्यांना दिसली. काही काळाने ते झाड वाळले आणि त्याचे हलणेही थांबले.

बोस यांनी कोणाच्या श्रद्धेची टिंगल केली नाही. दोन गोष्टी एकाच वेळी घडतात म्हणून एक दुसरीचे कारण असते, असे धरून चालायचे नाही. दोन्हींची नोंद सलग ठेवायची आणि मग बोलायचे, एवढेच त्यांनी केले. आपणही अमावास्येला कीड वाढली किंवा अमुक फवारणीने फुटवा आला असे म्हणतो. तेव्हा त्या दिवसांचे तापमान, आर्द्रता आणि पाऊस लिहून ठेवलेला असतो का?

लंडनमधली परीक्षा

१९१५ मध्ये बोस प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त झाले. १९१७ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट सुरू केली. आयुष्यभराची बचत त्यांनी या संस्थेत घातली. इथे शोधलेल्या गोष्टींवर पेटंट घ्यायचे नाही, त्या सगळ्यांसाठी खुल्या राहतील, असे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केले.

चुंबकी क्रेस्कोग्राफ घेऊन ते लंडनला गेले, तेव्हा जुने विरोधक ऑगस्टस वॉलर यांनी जाहीरपणे शंका घेतली. प्रकाशाचा ठिपका हलतो तो रोपाच्या वाढीने की उष्णतेसारख्या दुसऱ्याच कारणाने, हे कशावरून? प्रश्न बोचरा होता, पण गैर नव्हता. एक कोटी पट मोठे करणारे यंत्र वाढीबरोबर चूकही एक कोटी पट मोठी करते.

बोस यांची तयारी होती, कारण हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच आधी विचारला होता. आपल्या क्रेस्कोग्राफची पारख ते रोपाच्या जागी वाळलेली काडी लावून करत. काडी वाढत नाही, म्हणजे रेघ सरळ आडवीच राहिली पाहिजे. ती वर-खाली झाली तर दोष यंत्रात किंवा जागेत आहे असे समजायचे. एप्रिल १९२० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शास्त्रज्ञांच्या गटासमोर प्रयोग झाला. त्यात बेलिस, ब्लॅकमन, डोनन यांच्यासारखे नामवंत होते. हे यंत्र रोपाची वाढ दहा लाख ते एक कोटी पट मोठी करून अचूक दाखवते, असे त्यांनी लेखी कळवले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने बोस यांना आपले सदस्य करून घेतले. एकोणीस वर्षांपूर्वी याच संस्थेने त्यांचा निबंध बाजूला ठेवला होता.

जिथे अंदाज चुकला

बोस यांचा आदर ठेवूनच दुसरी बाजूही सांगायला हवी. १९२३ मध्ये त्यांनी झाडात पाणी वर कसे चढते यावर पुस्तक लिहिले. खोडातल्या जिवंत पेशी हृदयासारख्या धडधडतात आणि पाणी वर ढकलतात, असे त्यांचे म्हणणे होते. इतर शास्त्रज्ञांना ते पटले नाही आणि आजही ते मानले जात नाही. पानांतून पाण्याची वाफ होते, तिच्या ओढीने मुळांपासून पानापर्यंतचा पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो, हे आजचे मान्य स्पष्टीकरण आहे. उलट, वनस्पतींमध्ये विद्युत संदेश फिरतात हे त्यांचे म्हणणे टिकले. आज त्यावर जगभर काम चालते.

यंत्राने लिहिलेले ठिपके आणि त्या ठिपक्यांवरून माणसाने काढलेला अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोस यांची यंत्रे अतिशय काळजीपूर्वक बनवलेली होती. तरीही अर्थ लावताना ते काही वेळा नोंदीच्या पुढे गेले. एवढ्या मोठ्या माणसाचे असे झाले, तर आपण अधिकच सांभाळून असायला हवे.

तुमच्या शेतातली यंत्रे

आज क्रेस्कोग्राफ संग्रहालयात आहे, पण त्याची भावंडे तुमच्या शेतापर्यंत आली आहेत. त्यांचा उपयोग आणि पारख अशी :

• टेन्शिओमीटर : मुळांना जमिनीतून पाणी ओढायला किती जोर लावावा लागतो ते दाखवतो. आकडा शून्याजवळ म्हणजे जमीन चिंब, आकडा वाढत गेला म्हणजे ओल कमी. नळीत हवा शिरली की आकडा खोटा येतो. म्हणून नळी पाण्याने भरलेली आहे का आणि खालचा मातीचा कप जमिनीला घट्ट चिकटला आहे का, ते अधूनमधून पाहा.

• डेंड्रोमीटर : खोडाच्या किंवा फळाच्या जाडीतला सूक्ष्म फरक मोजतो. हा क्रेस्कोग्राफचा सर्वांत जवळचा नातलग. खोड दिवसा थोडे आकसते आणि रात्री फुगते. वाढीच्या काळात रोज पहाटेची जाडी आदल्या पहाटेपेक्षा वाढत नसेल, तर पान ताजेतवाने दिसत असले तरी झाडाला पाणी कमी पडत असण्याची शक्यता आहे.

• सामू आणि ईसी मीटर : पाणी व खतद्रावणाचा आम्ल-विम्लपणा आणि क्षार मोजतात. सामू मीटर वापरण्यापूर्वी माहीत असलेल्या सामूच्या द्रावणात बुडवून आकडा जुळवून घ्या. बोस यांच्या वाळलेल्या काडीचेच हे काम आहे.

• हरितद्रव्यमापक : पानाच्या हिरवेपणावरून नत्राचा अंदाज देतो. नुसत्या आकड्यावर जाऊ नका. त्याच वाणाच्या, पुरेसे नत्र दिलेल्या पट्ट्याशी तुलना करा.

• कमाल-किमान तापमापक : सावलीत, हवा खेळेल अशा ठिकाणी, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर लावा. उन्हात टांगलेला तापमापक हवेचे नव्हे, स्वतःचेच तापमान दाखवतो.

• पर्जन्यमापक : झाड आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवा. १ मि.मी. पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी, म्हणजेच एकरी सुमारे ४,००० लिटर. पावसाचा आकडा लिहून ठेवला तर पुढची पाळी किती लांबवायची ते ठरवता येते.

यंत्र घेताना किंवा वापरताना तीन प्रश्न स्वतःला विचारा. हे यंत्र नेमके काय मोजते? ते बरोबर मोजते की नाही हे मी कसे तपासले? आणि आकडा जेवढे सांगतो त्याच्यापेक्षा जास्त मी गृहीत धरतो आहे का? तिन्हींची उत्तरे असतील तर साधा पर्जन्यमापकही उपयोगी पडतो. नसतील तर महागडा संवेदकही दिशाभूल करू शकतो.

अखेरचे दिवस

सर जगदीशचंद्र बोस यांचे निधन २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे झाले. हे गाव आज झारखंडमध्ये आहे. एकोणऐंशीव्या वाढदिवसाला फक्त एक आठवडा उरला होता. त्यांनी उभारलेली संस्था आजही कोलकात्यात काम करते.

रोप बोलत नाही, हे आपण सगळेच म्हणतो. बोस यांनी त्याला बोलके केले ते आपल्या शब्दांनी नव्हे, त्याच्याच हालचालीने. उद्या सकाळी शेतात जाल तेव्हा पान पाहाच, ती सवय सोडू नका. पण सोबत एक वही ठेवा आणि त्यात रोज तीन आकडे लिहा : कमाल तापमान, किमान तापमान आणि पाऊस. हंगाम संपल्यावर पिकाच्या वाढीची नोंद त्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. फरीदपूरच्या झाडाचे कोडे असेच, दोन नोंदी शेजारी ठेवून सुटले होते.